कानामागची तीट

तोंडावर खड्डे असलेल्या बाईला सल्ला द्यायला या जगात कोणाची परवानगी लागत नाही. मी सेवाग्रामला दवाखान्यात चिठ्ठीच्या काउंटरवर बसते. समोरच्या बाईचं पोर तापानं फणफणलेलं असतं, रांग पार दारापर्यंत गेलेली असते, पण चिठ्ठी हातात घेताघेता ती खिडकीत वाकून म्हणणारच, "मॅडम, मुलतानी माती लावत जा नं." रोहण्याहून आलेल्या एका म्हातारीनं तर मला पिशवीभर कडुलिंबाचा पाला आणून दिला होता. मी हसून घ्यायची. आतून काय वाटायचं ते विचारू नका.

कॉलेजात असताना मुरूम आले, मी ते फोडले, आणि जाताना ते दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. रंग माझा आईचा, चांगला गडद सावळा. त्यामुळे जिथे खड्डा तिथे काळा डागही. मेडिकलवाल्यानं दिलेली गोरं करायची ट्यूब मी दोन-तीन वर्षं घासली. शेवटी आमच्याच दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्यांनी ती ट्यूब बघून कपाळाला हात लावला.

"तुझ्या कातडीला राग लवकर येतो," त्या म्हणाल्या. "आणि राग आला की ती काळी होते. मग महिनोन्‌महिने ते धरून बसते."

म्हटलं, "मॅडम, कातडी माझ्यावरच गेली आहे."

त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. सावळ्या कातडीवर जोराचं लेझर मारू नये, मारलंच तर आधी लपलेल्या जागी थोडंसं मारून बघावं, असं त्यांनी मला नीट समजावलं. माझ्यासाठी त्यांनी बारीक सुया टोचायचा उपाय सांगितला. हळू होणारा, महिन्या-दीड महिन्यानं एकेक खेप, आणि रोज उन्हाचं क्रीम. मी तो धरला. दोन खेपांनंतर खड्ड्यांच्या कडा थोड्या मवाळ झाल्यासारख्या वाटल्या. मला एवढं पुरे होतं. घाई मला नव्हतीच.

घाई आईला होती.

हिंगणघाटच्या मावशीनं स्थळ आणलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घरचे लोक चांगले. फोटो पाठवून झाला, त्यांनी पसंत केला, दिवाळीनंतर बघायला येतो म्हणाले. मी आईला म्हटलं, "कोणता फोटो पाठोला?" तिनं मोबाईल दाखवला. बाप्पा बाप्पा! मोबाईलनं माझे सगळे खड्डे बुजवून टाकले होते. गाल असे गुळगुळीत की मीच मला ओळखलं नाही. मावशीच्या सुनेनं काढला होता, आणि त्यांच्या मोबाईलला ती सवयच होती.

"हे खोटं आहे आई. ते लोक येतीन अन् पाहातीन नं मले."

"म्हनूनच म्हन्तो," आई म्हणाली, "तं लवकर काहीतरी कर. सुया टोचत बसशीन तं म्हातारी होशीन."

मावशीच्या ओळखीचं हिंगणघाटला एक स्किन क्लिनिक होतं. आम्ही गेलो. गारेगार हॉल, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे चेहरे ओळीनं लावलेले. मी सगळे बघून घेतले. एकही माझ्या रंगाचा नव्हता. मी ते तिथल्या डॉक्टरांना तोंडावर विचारलं. त्या माणसाचं मला नवल वाटलं, कारण तो चिडला नाही. म्हणाला, "खरं आहे. तुमच्या वर्णाला धोका जास्त आहे. आपण आधी कानामागे टेस्ट करू आणि महिनाभर थांबू. जागा काळी पडली तर मी चेहऱ्याला हात लावणार नाही."

मी आईकडे वळून तिथेच सांगितलं, "ऐकलं? काळं पडलं तर नाही म्हणजे नाही."

"हाव वो, नाई म्हंजे नाई," आई म्हणाली.

उजव्या कानामागे, केसांच्या खाली, त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या जागेवर लेझर मारलं. जळक्या केसांसारखा वास आला. घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा वांगी आणि सांभार पिकवतात, वर्ध्याच्या बाजारात नेतात. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात. त्यांना हे चटकन पटलं.

"म्हंजे आपल्यावानीच," ते म्हणाले. "नवं औषध आलं तं पयले एका वाफ्यावर मारतो आपन. पानं पाह्यतो. मंग वावरात."

आपल्या कानामागे आपल्याला दिसत नाही. मोबाईलनं मी एकदा फोटो काढून बघितला, त्यात केस आणि सावली एवढंच आलं. पण मला त्याची फिकीर नव्हती. रोज सकाळी ओसरीवर बसून माझी वेणी आईच घालायची, मी शाळेत होते तेव्हापासून. घरात आईचे डोळे असताना मी मोबाईलच्या मागे कशाला लागू? कंगवा फिरायला लागला की मी विचारायची, "काळं पडलं काय?"

"काईच नाई."

पहिले आठ-दहा दिवस ती हे लगेच म्हणायची. नंतर कंगवा मध्येच थांबायला लागला. थांबायचा, आणि मग ती म्हणायची, "काईच नाई." मला ते ऐकू येत होतं, तरी मी त्याचा काही अर्थ लावला नाही. कोण लावेल?

मग तिनं वेणी घालायची पद्धत बदलली. एरवी ती केस असे ओढायची की भुवया वर चढायच्या. आता ती सैल घालायला लागली, कान झाकतील अशी. "आजकाल अशीच फ्याशन हाये," म्हणाली. माझ्या आईला फॅशनचं काय पडलंय, हे आमच्या म्हशीलाही माहीत होतं. एका रविवारी शेजारची काकू हौसेनं माझ्या डोक्याला तेल लावायला बसली, तर आईनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली. काकू तोंडाकडे पाहत राहिली.

आणखी काही दिवसांनी न्हाताना ती बेसन-दही घेऊन आली आणि माझ्या कानामागे घासायला लागली. मी ओरडले, "काऊन घासून राह्यली? आग होते नं!"

"मळ साचला तुह्या कानामागं. उगी बस."

ती घासायची, वाकून बघायची, परत घासायची. मला वाटलं, नजर कमी झाली आईची.

महिना भरला. लेझरच्या दिवशी सकाळी तिनं वेणी घातली, डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या उजव्या कानामागे लावलं. चांगलं दाबून, गोल गोल फिरवून. लहान असताना शाळेच्या गॅदरिंगला, परीक्षेला, कुठे लग्नाला जाताना ती अशीच तीट लावायची. मी म्हटलं, "आता काय मी लहान आहे का?" ती म्हणाली, "नजर लागते वो. लोकायचे डोये वाईट असतेत." मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला आईबद्दल इतकी माया वाटली की डोळे भरून आले.

क्लिनिकमध्ये मदतनीस मुलीनं माझे केस वर केले. "हे काय लावलंय?"

"तीट हाये मॅडम," आई पुढे होऊन म्हणाली. "पुसू नका. चांगल्या कामाच्या दिवशी पुसत नाईत."

ती मुलगी हसली. "माझी आई पण लावते." मग तिनं विचारलं, "पण टेस्टची जागा ठीक आहे नं?"

मी म्हटलं, "हो. आई रोज बघते."

ती आत ठीक म्हणून सांगून आली. डॉक्टरच्या खोलीबाहेर अजून माणसं बसलेली होती, त्यामुळे डॉक्टरांनीही स्वतः केस वर करून बघितलं नाही. माझ्या तोंडाला बधिर करायचं मलम लावलं आणि मला आत नेलं. दार लागताना मी मागे बघितलं, तर आई हॉलच्या मधोमध उभी होती. शेजारीच एक खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नव्हती.

सांगितलेलं पथ्य मी कडक पाळलं. उन्हात पाय ठेवला नाही, मलमं वेळेवर लावली, खपलीला नख लावलं नाही. खपल्या पडल्या तेव्हा खालची कातडी नवी कोरी दिसली, आणि मी आरशासमोर एकटीच हसले. ते हसू टिकलं नाही. आधी हनुवटीजवळ करडी झाक आली. मग दोन्ही गाल, मग कपाळाची बाजू. बारीक बारीक चौकटीत, एकसारखे ठिपके उठत गेले आणि रोज थोडे गडद होत गेले. भाकर तव्यावर विसरली की तिच्यावर येतात ना, तसे. आई म्हणायची, "खपली हाये, जाईन." खपली कधीच गेली होती. पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते.

मी आईला घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे केलं आणि एकेक गाल निरखून पाहिला.

"टेस्ट केली होती?"

"हो मॅडम, कानामागे. तिथे काही झालं नव्हतं."

"कोणी बघितलं?"

"आईनं."

त्यांनी माझे केस बाजूला केले. मागे स्टुलावरून आई पटकन म्हणाली, "तीट हाये ते." हो, ती अजूनही रोज लावत होती. बाईंनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पुसलं. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तो जरासा मळला. तिसरा त्यांनी चांगला दाबून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. पांढरा स्वच्छ. मग त्यांनी माझाच मोबाईल घेऊन कानामागचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला.

पेराएवढा चौकोन. काळाकुट्ट. आतमध्ये तेच ठिपके, चौकटीत मांडलेले.

"हे चेहऱ्याच्या आधीचं आहे," त्या हळूच म्हणाल्या. मी मागे वळले. आई खिडकीबाहेर पाहत होती.

बस स्टॉपवर मी ओरडले. चार माणसं बघत होती, बघू देत. "तुले दिसत होतं! रोज दिसत होतं!"

"मले वाटलं, जाईन. घासत होती नं मी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू केलं असतं काय?" ती रडत नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. "फोटो पाह्यला होता त्या लोकायनं. येऊन तोंड पाह्यलं असतं अन् उठून गेले असते. मी आली तवा तुही आजी बायायले बोलावून बोलावून माहं तोंड दाखवे, पाहा म्हने कोयशाची खान आनली पोरानं. किती वर्स आयकलं म्या. तुले नाई आयकू द्याचं होतं. वाटलं, कानामागचं काळं कानामागंच राह्यते. तोंडाले देव राखीन."

मला तिची कीवही आली आणि तिचा गळा दाबावासाही वाटला. दोन्ही एकदम. बस आली, आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

बाबा अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होते. तोवर मी घरात तोंड ओढणीत गुंडाळून वावरत होते आणि ते फार विचारत नव्हते. त्या दिवशी मी ओढणी काढली. ते उठून जवळ आले, हनुवटीला धरून माझं तोंड उजेडात फिरवलं, पान फिरवून बघतात तसं.

"अन् पयल्या वाफ्याले काय झालतं?" त्यांनी विचारलं. "कोनं पाह्यला होता?"

मी आईकडे बघितलं. ती दाराशी पिशवी धरून उभी होती.

"म्या," ती म्हणाली.

"जयला होता? पानं करपली होती?"

"हाव."

बाबांनी हातातली जुडी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मंग सारं वावर काऊन मारलं?"

आई पिशवी घेऊन आत गेली. पाहुण्यांना मावशीनं पोरीला कांजण्या निघाल्या म्हणून कळवलं, आणि त्यांचा फोन परत आला नाही.

तोंडावरचं काळं आता थोडं थोडं उतरतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्ष लागेल, जास्तही लागेल, घाई करायची नाही. मी करत नाही. काउंटरवरच्या बायका आता सल्ला देत नाहीत, नुसत्या बघतात आणि चिठ्ठी घेऊन जातात.

सकाळी आई अजून कंगवा घेऊन ओसरीवर बसते. हाक मारत नाही, नुसती बसते. काजळाची डबी तिच्या बाजूला असते. मी आत आरशापुढे उभी राहून कशीतरी केसांना पिना लावते आणि मागच्या दारानं ड्युटीवर निघते. राग तर आहेच, तो जाईल एखाद दिवशी. पण तिच्याकडे पाठ करून बसायची मला भीती वाटते.