खडीपासून घाण्यापर्यंत

बदनापूरच्या वाचक मंडळाचे पाच सभासद होते आणि पुस्तक एकच असायचं. धर्मराज गुरुजी ते दाभणानं उसवून त्याचे आठ भाग करायचे. प्रत्येक भागाला वर्तमानपत्राचं वेष्टन घालून खळीनं चिकटवायचे. पहिला भाग आधी गुरुजी वाचत. आठवड्यानं तो बालवाडीच्या गिरिजाबाईंकडं जाई, तिथून भुजंगरावांकडं, मग उरलेल्या दोघांकडं. रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत बैठक भरे.

भिवा सभासद नव्हता. यादीत त्याच्या नावापुढं ‘श्रोता’ असं लिहिलेलं होतं. श्रोत्यानं बसायचं, ऐकायचं, बोलायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. दोन वर्षं भिवानं तो पाळला. चौऱ्याहत्तर साल होतं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि मंडळात गरिबीवरची पुस्तकं लागोपाठ चालली होती. चर्चा लांबत. भिवा दाराशी बसून ऐके. त्यालाही बोलायचं होतं.

तो मूळचा धावड्याचा. त्याची आई गोजरबाई सडकेच्या कामावर खडी फोडायची. लहानपणी तो तिथंच गोणपाटावर झोपायचा. चौदाव्या वर्षी रेल्वेच्या कामावर रोजंदारीनं लागला, नऊ वर्षांनी कायम झाला. आता तो गँगमन होता, त्याला नळ असलेलं क्वार्टर होतं. शाळा चौथीपर्यंत. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीनं वर्गणी काढून एक वर्तमानपत्र लावलं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम भिवाकडं आलं. वाचायची सवय लागली ती तिथून.

त्याला सभासद करावं, असं गिरिजाबाईंनी सुचवलं. भुजंगराव इंटरपर्यंत औरंगाबादला शिकलेले, साठ एकरांचे धनी. ते म्हणाले, निदान सातवी तरी पाहिजे. गुरुजींनी मधला मार्ग काढला. चालू पुस्तक भिवानं बैठकीत उभं राहून पूर्ण सांगावं. सांगता आलं तर नाव यादीत, नाहीतर श्रोता आहे तसा श्रोता.

पुस्तक एका तेल्याच्या घराचं होतं. पाचांचं वाचून झाल्यावरच पहिला भाग भिवाच्या हाती येणार होता. तोवर रिकामं बसण्यापेक्षा त्यानं शेवटचा भाग मागून घेतला, कारण तो अजून कोणालाच नको होता. पुढच्या रविवारी त्याच्या आधीचा. मधले भाग मोकळे व्हायला वेळ लागला, पण क्रम तोच राहिला. आठवा, सातवा, सहावा. शेवट आधी वाचतोय हे त्याला ठाऊक होतं. तीन महिन्यांनी पहिला भाग संपला तेव्हा ते सगळं त्याच्या डोक्यात त्याच क्रमानं बसलं होतं.

ठरलेल्या रविवारी तो धुतलेला सदरा घालून आला आणि उभा राहून सांगू लागला. एक माणूस सडकेच्या कामावर डोक्यावरून खडी वाहतो. त्याची बायको झाडाखाली भाकरी वाटून घेते. मग त्यांना एक खोली मिळते. मग खोलीत भांडी येतात. मग गावात एक घर होतं, दाराला पितळी कडी लागते. मग अंगणात घाणा फिरतो, बैल फिरतो, अन् सगळ्या गावाला ह्या घरचं तेल जातं. एवढं सांगून भिवा थांबला. एकही नाव चुकलं नव्हतं.

भुजंगराव हसले. “रूळ ठोकणाराला दोन्ही दिशा सारख्याच. भिवा, जालन्याची गाडी तू औरंगाबादला नेऊन उभी केलीस की.”

बाकीचेही हसले. गुरुजी हसले नाहीत. तेलाची गिरणी आल्यावर ते घर कसं बसत गेलं, याची ती गोष्ट आहे, असं त्यांनी समजावलं. पुस्तकाचा अर्थच ते घसरणं आहे, असंही म्हणाले.

“ठावं हाय मला, गुरुजी,” भिवा म्हणाला. “ज्याच्या घरी घाणा व्हता त्याला खडी शेवट वाटती. आमच्यात कोणाच्याच घरी घाणा न्हवता. आमची सुरुवातच खडीवर झाली. म्या वाचून राह्यलो तवा मला वाटलं, चला, एकाचं तरी बराबर झालं.”

“पण लेखकानं तसं लिहिलं नाही ना,” भुजंगराव म्हणाले.

“न्हाई लिहिलं.”

गुरुजींना त्याला यादीत घ्यायचं होतं. तेच पुन्हा पुढून सांग, दहा मिनिटांचं काम आहे, असं ते म्हणाले. भुजंगरावही कबूल झाले. भिवानं घसा खाकरला.

“एका गावात तेल्याचं घर व्हतं. दाराला पितळी कडी व्हती. घाण्याला एकच बैल, पर धष्टपुष्ट…” तो थांबला. मग तो म्हणाला, “म्होरचं येतं मला. पण आसं सांगायला लागलो की वाटतंय, दुसरंच कोणीतरी बोलून राह्यलं. मंग ऱ्हाऊ द्या.”

आणि तो दाराशी जाऊन बसला.

गुरुजींनी यादी उघडली, पेन हातात धरलं, आणि काही न लिहिता मिटली. हट्टी आहे, असं भुजंगराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग चर्चा सुरू झाली. माणूस गरीब कशानं होतो यावर गुरुजी बोलले, गिरण्यांवर बोलले, भुजंगराव त्यांच्या आज्याच्या काळातल्या सुबत्तेवर बोलले. अर्धा तास गेला. गिरिजाबाई एकदम दाराकडं वळल्या.

“भिवादादा, तुमच्या आईला पहिलं पक्कं घर कधी लाभलं?”

सगळे त्याच्याकडं बघू लागले. भिवाला साल माहीत होतं. त्यानं गुरुजींच्या मांडीवरच्या मिटलेल्या यादीकडं पाहिलं आणि तो गप्प राहिला. गुरुजी म्हणाले, सांग, श्रोत्यानं बोललं तरी आज चालेल. भिवा तरीही बोलला नाही.

त्या रविवारी बैठक लवकर उठली.