साडूंचा डबा आणि बर्फावरची बाई

अकोल्याला माझ्या साडूंच्या घरात शिरलं की आधी साडू दिसत नाहीत, डबा दिसतो. कधीकाळी त्यात ऑइल पेंट होता. आता तो सोफ्याच्या पायाशी असतो, तळाला मूठभर माती घातलेली, झाकण हरवलेलं, आणि साडू त्यात थुंकतात. इतकी वर्षं मी त्या घरी जातो आहे, पण त्या डब्यात एकदाही डोकावलेलो नव्हतो. लोक तीर्थयात्रा मिरवतात, मी हे मिरवत असे.

साडू खर्रा खातात. ज्यांनी तो पाहिला नाही ते सुखी आहेत, त्यांचं सुख मी थोडं कमी करतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि घोट घोट घोटायचा. ओल्या भुशासारखा जो लगदा होतो तो गालात भरायचा आणि अर्धा दिवस तिथेच ठेवायचा. त्यानंतर साडू जे बोलतात ते हनुवटी वर करून, रस सांडू नये अशा बेताने, पंख्याकडे पाहत बोलतात. शब्द येत नाहीत, तुषार येतात. त्यांच्यासमोर बसून मी आजवर चहाचा कप हाताने झाकून प्यालो आहे.

तरीही मी त्या दुपारी अमरावतीहून एसटीने अकोल्याला गेलो, कारण साडूंनी दिवाळीत भिंतीएवढा टीव्ही घेतला होता, आमचा टीव्ही आठवडाभरापूर्वी व्होल्टेजने जळला होता, आणि त्या दुपारी बर्फावरच्या नाचाची अंतिम फेरी होती.

अमरावतीच्या माणसाचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता आणि लग्नातल्या पाण्याच्या ड्रमापुरता. पण कॉलेजात असताना एकदा टीव्हीवर मी पायांत पाती बांधलेली एक मुलगी बर्फावरून उडताना पाहिली, आणि तेव्हापासून हिवाळी खेळांची मोठी जागतिक स्पर्धा आली की मला काही सुचत नाही. बायकोला हे वेड मान्य नाही. निघताना ती म्हणाली, "बर्फच पाह्याचा असन तर फ्रिज उघडा ना. लाइटबी लागते आतमंदी."

पण फ्रिजमध्ये माझी बाई नव्हती. ही बाई एका लहानशा थंड देशाची, तिशी ओलांडलेली. या खेळात तिशी म्हणजे म्हातारपण. चार वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत हवेत तीन गिरक्या घेऊन उतरताना ती सपशेल पडली होती आणि मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो. ही तिची शेवटची स्पर्धा. तीच उडी ती पुन्हा मारणार होती आणि ती उतरलेली मला माझ्या डोळ्यांनी, त्याच क्षणी पाहायची होती. मोबाइलवर ती मुंगीएवढी दिसते. म्हणून अकोला. म्हणून डबा.

साडू शेजारी येऊन बसले. एक पाय सोफ्यावर घेतला आणि अंगठा खाजवत बर्फाकडे पाहू लागले.

"काहून गोल गोल फिरून राहिल्या ह्या पोरी? चक्कर नाही येत का त्याहिले?"

"सवय असते, साडूभाऊ."

"मले तं झोक्यावर बसलो तरी मळमळते." मग डब्यात 'पच्च' असा आवाज. मी डोळे मिटले. "आता कोन हाये?"

"आता आमची बाई."

"ही? हिचं तं वय झालं. पडन ती."

"नाही पडणार."

"लावता का शर्त?"

मला एकदम स्फुरण चढलं. म्हणालो, "लावली. ती उडी मारून उतरली तर तुम्ही खर्रा सोडायचा आणि हा डबा घंटागाडीत टाकायचा."

स्वयंपाकघरातून माझी साळी, बायकोची बहीण, हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. तो डबा रोज धुणारी तीच. "भाऊजी, लावा! लावाच! माही शपथ हाये तुमाले!"

"आन पडली तं," साडू पंख्याला म्हणाले, "तुमी एक अख्खा खर्रा खासान. इथंच. माह्यासमोर."

खेळाची पहिली अक्कल नसलेली साळी हात जोडून टीव्हीसमोर उभी राहिली. माझ्या बाईला त्या दिवशी तिच्या देशातूनही इतका पाठिंबा नसेल.

संगीत सुरू झालं. बाई मागे मागे सरकत आली, वळली, उडाली. एक. दोन. तीन. आणि धप्पकन बसली.

"गेली बाप्पा!" साळीच्या हातातून लाटणं पडलं.

माझी बाई उठली. संगीत थांबत नसतं, तिलाही थांबता येत नाही. मला तिच्याकडे पाहायचं होतं, पण साडूंनी खिशातून पन्नी काढली होती. ती त्यांच्या अंगाच्या उबेने गरम झालेली होती. त्यांनी ती तळहातावर घोटली, मग उघडून बोटांनी लगदा उचलला. तीच बोटं, जी आत्ता अंगठा खाजवत होती.

"साडूभाऊ, हे संपल्यावर खातो."

"शर्त म्हंजे शर्त. आताच."

टीव्हीवरची नजर न काढता मी आ केला.

पंक्चर काढायच्या दुकानात पाण्याचं ते काळं घमेलं असतं ना, त्याच्यात भिजवलेली सुपारी. तिला चुना लावलेला. वर गरम खिशाचा वास. गालाची आतली कातडी आकसली, कानशिलं तापली, आणि तोंडात इतकं पाणी सुटलं की मी ते गिळलं.

"रस गिळू नका!" साडू हनुवटी वर करून ओरडले. उशीर झाला होता.

पडद्यावर बाई गिरकी घेत होती. मग टीव्ही गिरकी घ्यायला लागला, मग साळी, मग भिंत. बेसिन मागच्या बाजूला, फार लांब. जवळ एकच भांडं होतं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि इतक्या वर्षांचं माझं व्रत मोडलं. डब्यात पाहिलं. तांबडी साय. साईवर बुडबुडे. त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत फुटला. पुढे माझ्या पोटाने काय केलं ते सांगत नाही, सकाळच्या पोह्यांसकट सगळं बाहेर आलं एवढंच.

डोकं डब्यात, कानांत संगीत. ते आता चढत चाललं होतं, म्हणजे नाच संपत आला होता. पाहता तर येत नव्हतं. मी एक हात वर करून हलवला. "सांगा! काय करते आहे ती?"

साडूंनी हनुवटी उचलली. "उं... बूं... गुं..." मानेवर तुषार पडले.

"नीट सांगा हो!"

साडूंना कधी नव्हे ते थुंकायची घाई झाली आणि डबा तर माझ्याकडे. ते अंगणात धावले. नळाचा आवाज आला, खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला, आणि मग धावत परत येऊन ते बोलू लागले. त्यांचा तो रिकाम्या तोंडाचा, स्वच्छ, ठणठणीत आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"साडूभाऊ, मांगं मांगं चालली! वळली! पुन्हा उडून राहिली, बाप्पा, तेच! एक! दोन! तीन! उभी हाये! साडूभाऊ, उभी हाये ना! उतरली! हात वर करून हासून राहिली! तुमी पाहा ना वर!"

मी वर पाहू शकलो नाही. मी वर पाहिलं तेव्हा जाहिरात लागली होती.

"मंग शर्त जितली कोनं?" साळीने लाटणं उचलत विचारलं.

"पह्यल्या वक्ती पडली ना ती," साडू म्हणाले.

"शर्तीत पह्यल्या वक्ती म्हनलं होतं का तुमी? उतरली का नाही उतरली?"

साडू माझ्याकडे पाहू लागले. मी डब्याकडे.

"आता हा डबा दोघाचाबी झाला," साळी म्हणाली. "धुवाले मी नाही येत." तिने दाराला आतून लावायच्या लाकडी अडण्याने तो ढकलत ढकलत फाटकाबाहेर नेला आणि घंटागाडी आल्यावर तिथूनच ओरडली, "तो घेऊन जा, भाऊ. हात नका लावू."

डबा गेला. खर्रा गेला नाही. साडू आता गल्लीत जाऊन नालीत थुंकतात, आणि परवा फोनवर विचारत होते, "आपल्या बाईचं पुन्हा कवा हाये?" ती निवृत्त झाली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तिची ती दुसरी उडी मी नंतर मोबाइलवर पाहिली. पुन्हा पुन्हा पाहतो. मुंगीएवढी बाई उडते, तीन गिरक्या घेते, पिसासारखी उतरते, हात वर करते. आणि दर वेळी, नेमकी ती उतरली की माझ्या तोंडात चुना येतो, मागून तो गरम खिसा येतो, आणि मी मोबाइल बायकोच्या हातात देऊन बेसिनकडे पळतो.

बायको म्हणते, "फ्रिजच बरा होता."