प्रेस दुसऱ्यांदा खाली येतो

आमच्या कारखान्यात विमान होत नाही. विमानाच्या पंखाच्या आत ज्या फासळ्या असतात, त्या होतात. रत्नागिरीबाहेर सड्यावर, कातळ फोडून उभी केलेली एक लांबलचक शेड. तिच्यात आम्ही पत्र्याला पत्रा लावून रिव्हेट दाबतो. गावात मात्र मी सांगून ठेवलंय की रोज संध्याकाळी एक अख्खं विमान तयार होतं आणि ब्रेक लागतात का बघायला मीच ते पावस गावापर्यंत फिरवून आणतो.

ह्या गुणामुळे कारखान्यात मला एक जादा काम चिकटलं. प्रत्येक कामगाराने महिन्याला एक हिरवा फॉर्म भरायचा असा नियम: अपघात होता होता कुठे टळला, ते लिहायचं. फॉर्म कमी पडले की आमच्या लाइनच्या फळ्यावर लाल ठिपका. आता चाळीस माणसांनी महिन्याच्या महिन्याला थोडक्यात वाचायचं कसं? मग मी त्यांना कागदावर वाचवायचो. एका चहाला एक अपघात. एकाला मी हवेच्या नळीने उडवून छताला चिकटवला, एकाच्या ड्रिलमध्ये जिवंत घोरपड अडकवली. सेफ्टीचे साहेब सकाळच्या मीटिंगमध्ये फॉर्म वाचून दाखवत, लोक हसत, ठिपका हिरवा राही. सगळ्यांचं भागत होतं.

माझ्या शेजारच्या, रिव्हेट दाबायच्या प्रेसवर पूर्णगडचा एक जण होता. घरची होडी, भाऊ सगळे समुद्रावर, हा एकटा लोखंडाकडे आलेला. तो वर्षभरात जेवढं बोलायचा तेवढं मी दाढी करताना आरशाशी बोलतो. एकदा चहाच्या सुट्टीत त्याने माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. पायाखालचं पेडल सोडल्यावर प्रेस वर जातो आणि आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. ह्या आठवड्यात दोनदा. बस, एवढंच.

"ह्या तेवढा फॉर्मावर उतरव," तो म्हणाला. "जसा हाय तसा. तुजी मीठमिरची नको."

"मेल्या, एवढं अळणी कोण वाचणार?"

"मना कुनाला हसवायचा नाय. पेडल बदलायचा हाय."

मी हो म्हटलं. आणि लिहायला बसल्यावर हाताला खाज सुटली. प्रेस दुसऱ्यांदा खाली आला, हे मी लिहिलं; पण त्या दणक्याने हातातला पत्रा उडाला, पंख्यावर आपटला, तिथून खिडकीबाहेर जाऊन कँटीनच्या आमटीत पडला आणि आचाऱ्याने तो पापड समजून वाढला, हेही लिहिलं. चिठ्ठी चुरगळून टाकून दिली.

साहेबांनी तो फॉर्म वाचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. महिन्याचा उत्कृष्ट फॉर्म म्हणून पूर्णगडवाल्याला एक थर्मास मिळाला. टाळ्या वाजल्या. थर्मास हातात धरून तो माझ्याकडे बघत होता.

"पेडलाचा काय?" त्याने नंतर विचारलं.

"साहेबांनी वाचलंय ना? बघतील."

पुढच्या आठवड्यात प्रेस दुसऱ्यांदा खाली आला. इथे मी काही वाढवत नाही. आवाज नेहमीचाच होता, रिव्हेट दबल्याचा. तो ओरडला नाही, म्हणून मी लगेच वळलोही नाही. वळलो तेव्हा तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभा होता आणि पत्र्यावर दोन बोटं होती. तर्जनी आणि मधलं. हातमोज्यासकट.

त्याच संध्याकाळी पेडल बदललं. त्यामुळे चौकशीला माणसं आली तेव्हा पेडल उत्तम चालत होतं. अहवालात लिहायचं ठरलं की कामगाराचं लक्ष नव्हतं. ते खोटं ठरवायला पुरावा एकच: तो हिरवा फॉर्म.

मी स्वतःहून मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. फॉर्म त्यांच्या टेबलावरच होता.

"ह्यात खरं काय आहे?"

"पेडल, साहेब. प्रेस आपोआप खाली यायचा."

"आणि आमटी?"

"ती माझी."

"बाकीचे फॉर्म?"

"तेही माझे. सगळे."

त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे चाळीस जणांचं खोटं तुम्ही लिहिलंत, आणि हे एवढं एक वाक्य खरं माना म्हणता. ते तरी तुमचं नाही कशावरून?"

 चिठ्ठी असती तर दाखवली असती. अहवाल तसाच गेला. लक्ष नव्हतं.

पूर्णगडला त्याच्या घरी जायला मला तीन रविवार लागले. दोनदा एसटी स्टँडवरून परत आलो. तो पडवीत बसला होता, उजवा हात मांडीवर, पांढऱ्या फडक्यात. पुढ्यात पाटावर कोरा कागद, डाव्या हातात पेन. अहवाल चुकीचा आहे, असा अर्ज तो स्वतः लिहीत होता. अक्षरं खेकड्यासारखी तिरकी चालली होती, कागद हातातून निसटत होता. एका ओळीला त्याला एवढा वेळ लागला की त्याच्या आईने मला चहा आणून दिला आणि तो निवलाही.

"दे इकडे," मी म्हटलं. "तू सांग, मी लिहितो. शपथ, एक शब्द वाढवणार नाही."

त्याने मान वर केली नाही.

"तू नको," तो म्हणाला. "कागद सरकतोय, तेवढा धर."

मी दोन्ही हातांनी कागद धरला.