सोयाबीन पनीरवाल्या सुलोचनाकाकू

अनोळखी माणसाला सुलोचनाकाकू आधी खाऊ घालायच्या, नाव नंतर विचारायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जाफराबादच्या बसस्टँडवर. माहेरी भोकरदनला निघाले होते. काकूंच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात तिखटमीठ लावून परतलेले पांढरे तुकडे. "सोयाबीनचं पनीर हाये, दुधाचं न्हाई. आता खा," म्हणत त्यांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. गाडी लागली तशा डब्यासकट माझ्याच शेजारी येऊन बसल्या. भोकरदन येईपर्यंत मी चार तुकडे खाल्ले होते आणि त्यांच्या बचत गटात नावही देऊन बसले होते.

काकू अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पाचसहा बायका गोळा करून त्यांनी दळायचं यंत्र आणलं आणि जाफराबादेतल्या आपल्या घरापुढच्या पत्र्याच्या खोलीत कारखाना थाटला. शेजारी हसायचे. काकूंना त्याचं काडीचंही वाटत नसे. "आपल्या वावरातलं सोयाबीन तेलाच्या मिलात, पेंड कोंबड्यायला, अन् आपले लेकरं वाळून राह्यले. ही कुठली अक्कल?" उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला, की मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "म्हशीला किती पाणी लागतं ते बघा. माझ्या दाण्याला एवढं न्हाई लागत. पुढं समदे हेच खाणार. तुम्ही जल्दी सुरू करा, एवढंच म्हणून राह्यले."

पण नुसत्या बोलण्यावर यंत्र चालत नाही. माल खपेना, दोघी जणी सोडून जायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एका मुलींच्या वसतिगृहानं एका बुधवारचं जेवण आमच्या पनीरचं ठरवलं. मुलींना आवडलं तर दर बुधवारी. नाही आवडलं, तर खोलीला कुलूप, हे आम्हाला न सांगताही कळत होतं.

आदल्या संध्याकाळी दाणे भिजत घालायचं काम माझं. दाणा कमी पडला. घरी पेरून उरलेलं सोयाबीनचं बियाणं होतं, बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं, गुलाबी. मी ते तीन पाण्यांनी खळखळून धुतलं, रंग गेला, आणि बाकीच्या दाण्यांत मिसळलं. डोकं कुठं ठेवलं होतं, देव जाणे.

सकाळी काकूंनी पिंपाचं झाकण काढलं. पाण्याला पुसटशी गुलाबी झाक होती. ओंजळभर पाणी त्यांनी उजेडाकडे धरलं. मी पाठ वळवून यंत्र पुसायला लागले. काकूंनी कुणालाच काही विचारलं नाही. "लांब जाऊन खड्डा खांदा, समदं पुरा. जनावराचं तोंड लागता कामा न्हाई."

"काकू, उकळल्यावर काय राहतंय त्यात?" एकीनं धीर करून म्हटलं. "ऑर्डर जाईल."

"जाऊ दे. लेकरं जेवणार हायेत ते."

मग त्या स्वतः वसतिगृहावर गेल्या. यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं, "आमच्या पिंपात औषधाचं बियाणं गेलं, चूक माझी हाये, आज माल न्हाई." तिथल्या बाईंनी त्या दिवशी मुलींना मटकीची उसळ केली आणि "कळवते" एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी दर बुधवारी माल द्या म्हणून कळवलं. तो बुधवार अजून चालू आहे, शिवाय दोन खानावळीही आल्या आहेत. काकू मात्र गेल्या वर्षी गेल्या. फार आठवण येते त्यांची, आणि दर वेळी तीच दुपार आठवते. वसतिगृहावरून त्या दमून परतल्या, तेव्हा बाकीच्या घरी गेल्या होत्या आणि मी एकटी खोलीत बसले होते. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"मला सकाळीच कळल्तं," पदरानं तोंड पुसत काकू म्हणाल्या. "औंदा गुलाबी बियाणं उरलं ते तुझ्याच घरी. बाकीच्यायला पेरायलाच कमी पडलं."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"तू सांगती का, ते बघून राह्यले होते." त्या उठल्या, रिकामं पिंप त्यांनी माझ्या पुढ्यात ओढलं. "हे घासून ठेव. उद्यापासून दाणा घ्यायचा, निवडायचा, भिजवायचा, समदं तुझ्याकडं. तुझ्या हातून ही चूक आता पुन्हा होणार न्हाई. बाकीच्यायचं मला काय ठाऊक?"