खांबावरचा माणूस

उलव्याच्या जुन्या गावठाणाच्या कडेला माझं घर आहे. बायको गेल्यापासून मी एकटाच राहतो. लाईट वरचेवर जाते म्हणून अंगणात छोटा जनरेटर आणून ठेवला आणि त्याची वीज थेट घरातल्या सॉकेटमध्ये सोडायला दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतली.

जोडणीसाठी बोलावलेल्या वायरमनने ती वायर पाहिली आणि पक्कडीने मधोमध कापली. मी चिडलो. म्हणालो, "घरात एकटा माणूस. झालं काही तर मलाच होईल ना?"

"घरात एकटे असाल," तो म्हणाला. "वायरीवर कोनी एकटा नसतो. तुमची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. लाईट गेली म्हनून तितं आमचा मानूस चढलेला असतो."

मेन बंद करून, टेस्टर लावूनही त्याने प्रत्येक तारेला आधी उलटा हात लावला, ताप बघताना कपाळाला लावतात तसा. मग चेंजओव्हर स्विच बसवला. दांडा वर केला की खांबाची लाईट, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. चहा न घेताच गेला. परत कधी दिसला नाही.

आता लाईट गेली की मी दारात येऊन खांबाकडे बघतो. कधी कधी वर कोणीतरी असतो. स्विच आहे, त्याला माझ्यापासून धोका नाही, हे मला कळतं. तरी तो खाली उतरेपर्यंत मी दारातच उभा असतो. बायको गेल्यापासून मी कोणाची वाट बघितली नव्हती.