सुई टोचेपर्यंतचे पाहुणे

रक्त द्यायला बसलेल्या माणसाला "घाबरू नका" म्हणणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, हे तिला नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं. घाबरू नका म्हटलं की आधी न घाबरलेला माणूसही घाबरतो. त्याला वाटतं, यात घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे आणि ते या बाईला माहीत आहे.

लॅब औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. अरुंद जिना, वर दोन बाकं, पावती फाडणारे एक पोक्त गृहस्थ, आणि आत तिची खोली. खोलीत रुंद हाताची खुर्ची, झगझगीत दिवा, रंगीत टोपणांच्या नळ्यांचे ट्रे, स्पिरिटचा वास. गल्लीतली पोरं तिला डासबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या जोरात. तिला त्याचं काही वाटत नसे. "डासापेक्षा मी बरी. विचारून चावते," असं तीच सांगायची.

तर एकदा एक ट्रकवाला आला. दरवाजात मावेना असा आडवातिडवा गडी, आणि खुर्चीत बसल्याबरोबर त्याला दरदरून घाम फुटला. रबरी पट्टा बांधेपर्यंत त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. हा पडला तर उचलणार कोण, या विचाराने तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"समजा, एका संध्याकाळी जगातला कोणीही मोठा माणूस तुमच्या घरी यायला तयार आहे. जिवंत असो की मेलेला. कोणाला बोलवाल?"

गडी विचारात पडला. "कोणीही? चंद्रावर गेलेला चालेल?"

"चालेल की."

"त्याला विचारायचं होतं, तिकडून परतताना वाट कशी सापडते? पाटी नाही, ढाबा नाही, विचारायला माणूस नाही. आणि घरच्यांना काय सांगून निघाला असेल?" मग मान वर करून म्हणाला, "रक्त कधी घेणार?"

कापूस लावूनसुद्धा झाला होता.

त्या दिवसापासून हा प्रश्न तिच्या हत्यारांत जमा झाला. वापरता वापरता त्याचे नियम ठरत गेले. देव चालणार नाहीत, कारण देवाचं नाव निघालं की लोक हात जोडतात आणि पट्टा सुटतो. नातेवाईक तर मुळीच नाहीत. एका बाईंनी वारलेल्या आईला बोलावलं आणि हुंदक्यांनी असा हात हलला की सुई भलतीकडेच गेली. मोठी माणसंच हवीत. मोठ्या माणसांसाठी कोणी रडत नाही.

आणि काय एकेक पाहुणे निघायचे! बँकेच्या मॅनेजरांनी अर्धं जग जिंकणारा सम्राट बोलावला.

"काय बोलाल त्याच्याशी?" तिने विचारलं.

"मी कशाला बोलू? तो बोलेल, मी ऐकेन."

"म्हणजे ऑफिसातल्यासारखंच," ती म्हणाली आणि सुई घातली.

लग्न ठरलेल्या मुलीने आधी एक सुंदर नटी बोलावली, मग होणारा नवराही तिथेच असेल हे लक्षात येऊन ती रद्द केली आणि एक म्हातारा गणिती नक्की केला. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तीन तत्त्ववेत्ते बोलावले, त्यांच्या वतीने आपणच भांडले आणि आपणच हरले. तेवढ्यात चार नळ्या भरल्या. स्वतःला फार शहाणा समजणारा एक जण म्हणाला, "मी कोणालाच बोलावणार नाही, मी स्वतःच मोठा आहे." त्याला मात्र तिने जरा दुखवलं. मुद्दाम नाही, असं ती सांगते.

हे सगळं संध्याकाळी घरी सांगितलं जायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर विहिरीसारख्या काळोखात लोंबकळून आलेला, त्यामुळे जेवताना त्याला फक्त मान हलवायची असे. खरी श्रोती म्हणजे सासूबाई.

सासूबाईंची नोकरी शर्टांच्या कारखान्यात झाली होती. शिवायला नव्हे, तपासायला. प्रत्येक कॉलर उजेडाकडे धरायची, टाका वाकडा असला की परत. आख्खा कारखाना त्यांच्या भुवईला टरकून असायचा. ही सून होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिने लावलेलं बटण उजेडात धरून पाहिलं, उसवलं आणि पुन्हा तिच्याच हातात दिलं. त्यांच्यात भांडण असं कधी झालं नाही. पण त्या बघत असल्या की सुनेच्या हातातला कप बशीवर वाजायचा, तो अजून वाजतो. बाहेर जिच्या हाताची लोक तारीफ करतात तिचं घरात असं.

निवृत्तीनंतर सासूबाईंनी सगळी हुशारी पत्त्यांत ओतली. दुपारी जिन्याच्या मधल्या वळणावर शेजारणींचा अड्डा जमायचा. सासूबाई जिंकायच्या, आणि जिंकून पुन्हा समोरचीचं काय चुकलं तेही सांगायच्या. मग मोतीबिंदू आला. बदाम आणि चौकट एक दिसू लागले. गुलाम कोणता, राजा कोणता, कळेना. तरी त्या जिंकतच राहिल्या.

एका रविवारी दुपारी त्या वर आल्या आणि पत्त्यांचा जोड टेबलावर आपटला.

"काय झालं, आई?"

"त्या मला जिंकू देतात."

"असं कसं होईल?"

"हुकमाची राणी हातात असताना कोणी दुर्री टाकतं का? आज टाकली. आणि वर म्हणते कशी, 'आजी, तुमचं डोकं काय चालतं हो!' मेली. एवढी वर्षं जिला मी रडवलं, ती माझ्यावर दया करते!"

डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आधी रक्ततपासणी हवी, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, असं बजावलं. डोळ्यात चाकू घालण्याची सासूबाईंना मुळीच भीती नव्हती. "तिथे भूल देतात." भीती होती ती दंडातल्या सुईची. आणि लॅबमधल्या दुसऱ्या मुलीकडून घ्यायला त्या तयार नव्हत्या. "घरची असताना परक्यासमोर हात कशाला पसरू?"

झालं. पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या, तिने पट्टा बांधला, शीर बोटाने चाचपली आणि सवयीने म्हणाली, "एका संध्याकाळी कोणाला..."

"तिघं," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "एक सम्राट, एक बुद्धिबळाचा जगज्जेता आणि एक नटी. पत्त्यांना चौघं लागतात. जगज्जेता माझा भिडू. सम्राटाला हरायची सवय नसते, म्हणून तो समोर, मजा येईल. जादूगार नको, पत्ते लपवेल. झालं माझं. पुढे?"

आता काय बोलायचं? ज्या बाईने वर्षानुवर्षं जेवणाबरोबर ही युक्ती खाल्ली, तिच्यावर ती कशी चालणार! आणि त्या भुवया. डोळ्यांवर साय धरली होती, पण भुवया तशाच तपासणीला बसलेल्या. सुनेने घाईने सुई घातली. शीर निसटली. दंडावर निळा डाग उठला.

दुसऱ्या खेपेला दुसरा दंड निळा झाला. पावतीवाले गृहस्थ बाहेरून म्हणाले, "बाई, आज तुम्हाला बरं नाही का?" ती घरी येऊन नवऱ्यावर ओरडली. त्याने मान हलवली.

"दुसरीकडून घेऊ या ना, आई," ती रात्री जेवताना म्हणाली.

"तू पुन्हा घे."

"मला जमत नाहीये."

"जगाचं रक्त काढतेस आणि माझंच जमत नाही? माझं काय निळं आहे?"

"दंड तर दोन्ही निळे केलेत मी."

"मग आता तेवढ्यासाठी तिसरा आणू कुठून? उद्या येते मी."

तारखेआधीचा तो शेवटचाच दिवस होता. आज रक्त गेलं नाही तर तारीख गेली. सासूबाई स्वच्छ साडी नेसून, केस चापून आल्या, खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. तिने दिवा जवळ ओढला. डाग टाळून शीर शोधली. सापडली, चांगली ठसठशीत. सुई उचलली आणि तिची बोटं थरथरायला लागली.

सासूबाईंना ते दिसलं नसेल. पण त्यांच्या कातडीवर टेकलेलं तिचं बोट त्यांना कळलं असणार.

"अगं," त्या म्हणाल्या, "घाबरलीयेस तू. मला वाटत होतं मीच घाबरले."

"मी नाही घाबरले."

"बरं, नाही घाबरलीस. एक सांग. सगळ्या गावाला विचारतेस. तू कोणाला बोलावशील?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःला तरी कुठे विचारलं होतं?

"सम्राट?"

"नको हो. त्याचा लवाजमा मोठा. एवढे कप कोण विसळणार?"

"शास्त्रज्ञ? सायन्सची ना तू?"

"ते येतील आणि माझी मार्कं विचारतील."

"मग गवई? कवी?"

"कवी तर मुळीच नको. दिवसभर माणसं माझ्यासमोर मन मोकळं करतात, आई. ट्रकवाले, मॅनेजर, सगळे." तिचा आवाज चढला. "खरं सांगू? मला कोणीच नको. सम्राट नको, जगज्जेता नको. एक संध्याकाळ घरात एक माणूस नको. पाय वर करून पडायचं. कोणी 'चहा ठेवतेस का' म्हणायला नको, की 'आज कोण आलं होतं' विचारायला नको."

"नवरा?"

"त्याला लिफ्टमध्ये अडकू दे."

"आणि मी?"

"तुम्हीही नको! तुम्ही तर सगळ्यात आधी..." आणि ती थांबली, कारण नळीत रक्त येत होतं. गडद, सरळ, न अडखळता. तिचा हात दगडासारखा स्थिर होता.

"काय झालं? बोल की. सगळ्यात आधी काय?"

"हलू नका. आलंय."

"काय आलंय?"

"रक्त."

सासूबाईंनी श्वास सोडला. मग हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून. खुर्ची हलायला लागली. "म्हणजे तू मला घराबाहेर काढत होतीस आणि तेवढ्यात सुई टोचलीस! आणि मला कळलंसुद्धा नाही!"

"हसू नका, आई, हात हलतो!"

"अगं, मनातलं आहे ते असं आधी बोलायचं. दोन दंड वाचले असते माझे."

तिलाही हसू आवरेना. दुसरी नळी लावताना डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. सासूबाईंनी मोकळ्या हाताने पदर उचलला आणि अंदाजाने तिच्या तोंडावर फिरवला. तो कानावर बसला.

बाहेर बाकावर रांग खोळंबली होती. आत दोन बायका खिदळताहेत म्हटल्यावर सगळे चकित. पावतीवाल्यांनी विचारलं, "आजी, फार दुखलं का?"

"दुखतंय कसलं! शब्द लागतात तिचे, सुई नाही लागत," सासूबाई म्हणाल्या आणि कापूस धरून ऐटीत जिना उतरल्या.

डोळ्याचं झालं, ठरल्या तारखेलाच. पट्टी निघाली तेव्हा सासूबाईंनी आधी छत पाहिलं, कोळिष्टक दाखवलं, मग सुनेकडे वळल्या. "अगं बाई, तुझे केस केव्हा पांढरे झाले?" म्हणाल्या. नवऱ्याने पहिल्यांदाच मोठ्याने हसून घेतलं, तर त्यालाही "आणि तुझं पोट?" असं ऐकावं लागलं.

पत्त्यांना डॉक्टरांची परवानगी मिळाली त्या दुपारी ती सुट्टी घेऊन घरीच होती. खालून जिन्यातून आवाज येत होते. पत्ते आपटल्याचे, भांडल्याचे, कोणीतरी "आजी, तसं चालत नाही!" म्हणाल्याचे. तिने पाय वर केले होते. घर रिकामं होतं. छान वाटत होतं.

मग जिन्यावर धपाधप पावलं वाजली आणि दार उघडलं. सासूबाईंचे केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर, चेहरा लालबुंद.

"काय झालं, आई?" ती धडपडत उठली.

"हरले!" सासूबाई दारातूनच ओरडल्या. "चक्क हरवलं त्यांनी मला! बदामाचा एक्का होता तिच्याकडे, दाबून धरला होता मेलीने, आणि शेवटच्या हाताला टाकला. दया नाही, माया नाही! चल, उठ, चहा ठेव. मी काय चुकले ते सांगते तुला."