दिवसाआडचं पाणी

आमच्या घरात माझी एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपून माणसं सतरंजीवर पसरली की कुणीतरी म्हणतंच, काका, ती नळाची सांगा. मी नको नको म्हणतो — म्हणजे आणखी आग्रह होतो — आणि सांगतो. पण त्या गोष्टीतलं एक माणूस मी इतकी वर्षं बाहेर उभं ठेवलं आहे. बायकोला ठाऊक नाही. मुलीला नाही. तुम्हाला पहिल्यांदाच सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी वाचता वाचता मला मध्येच अडवणार नाही. एवढी सोय लिहिण्यात असते. भित्र्या माणसाला ती पुरते.

घरात चालते ती गोष्ट अशी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी विरार पश्चिमेला, बोळिंजच्या बाजूला, एका बिल्डरच्या साइट ऑफिसात फ्लॅट विकायला बसायचो. ऑफिस कसलं — पत्र्याची खोली, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र. चित्रात कारंजं होतं. ते पुढे कधीच झालं नाही. गिऱ्हाईक आलं की मी त्याला सॅम्पल फ्लॅटमध्ये न्यायचो. हॉल नाही, बेडरूम नाही, थेट स्वयंपाकघर. आणि एक शब्द न बोलता नळ सोडायचो. धो धो पाणी! त्या काळच्या विरारात, जिथे लोक पाणी आधी विचारत आणि भाव नंतर. शेठ म्हणायचे, दळवीचा हात लागला की नळ सुटतो. इथे घरातली पोरं हसतात, कुणीतरी माझा हात धरून बेसिनपाशी नेतं, आणि गोष्ट संपते.

त्यातलं पाणी खरं होतं. माणसंही खरी होती. लालबाग-परळच्या चाळींतून आलेली, आयुष्यभर सार्वजनिक नळावर रांगा लावलेली. नवरा भिंतींवर टिचक्या मारत हिंडायचा. बायको नळापुढे उभी राहायची. एक आजी तर रिकाम्या फ्लॅटच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून आत आल्या — घर कुणाचंच नव्हतं अजून, लादीवर सिमेंटचे शिंतोडे होते — आणि धारेखाली हात धरून उभ्याच राहिल्या. बंद करा म्हणेनात. मी विक्रेता, माझं लक्ष टोकनवर असायला हवं. पण त्या हाताकडे बघताना माझा आवाज जायचा. देवळात जसा जातो तसा. हे मी घरी सांगत नाही, कारण त्याने गोष्टीची गंमत जाते.

आता जे सांगायचं ते. चार वाक्यांचं आहे, आणि बघा, मी कारंज्यापर्यंत फिरून आलो.

त्या ऑफिसात आम्ही दोघं होतो. मी, आणि ज्योत्स्नाताई. वटारच्या. घरची केळीची, पानवेलीची वाडी. नोकरीला बाहेर पडलेली त्यांच्या घरातली पहिली सून. सासऱ्यांनी होळीपर्यंतची मुदत दिली होती — जमलं तर ठीक, नाहीतर वाडी आहेच. योगायोग असा की शेठनीही होळीच म्हटलं होतं: तोवर दोघं बसा, मग ज्याचे फ्लॅट जास्त त्याला ठेवीन. मी तेव्हा भाड्याच्या एका खोलीत बायको आणि दोन वर्षांच्या मुलीसह राहत होतो, आणि दिवसभर लोकांना टू-रूम-किचन दाखवत होतो. मला ती नोकरी हवी होती. तशी कुणाला नको असते?

ताई माझ्यानंतर आठवड्याने रुजू झाल्या. त्या आठवड्यात मी एकटाच होतो, आणि त्या आठवड्यात मला बारक्या भेटला. बारक्या पंपवाला, मिठागराकडच्या गावातला. शेठच्या दोन इमारती, पाण्याची लाइन एक. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "आज तुमच्याकडं पानी, उद्या पलीकडं. दिवसाआड." आणि संध्याकाळी उरलेली टाकी शेजारच्या विंगच्या स्लॅबवर मारायला रिकामी व्हायची. म्हणजे एक दिवस नळ धो धो, दुसऱ्या दिवशी नुसता फुस्स.

ताई आल्या तेव्हा शेठ म्हणाले, पाळ्या तुम्हीच ठरवा. ताईंचं म्हणणं होतं, सकाळ माझी, दुपार तुमची; संध्याकाळी वटारची एसटी चुकली की पंचाईत होते. रास्त होतं. मी म्हटलं, त्यात गिऱ्हाइकांवरून वाद होतील. त्यापेक्षा सरळ — एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. रविवारसुद्धा आपोआप आलटून पालटून येईल. कुणावर अन्याय नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून तक्ताही मीच काढला. लाल शाईने माझे दिवस, निळ्याने त्यांचे. शेठना फार आवडला. ताई म्हणाल्या, बरोबर आहे, सगळं सारखं.

तुमच्या लक्षात आलं असेल. मलाही आलं होतं. आधीच. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते ओघाने जुळून आलं. ओघाने काही जुळलं नव्हतं. मी महिन्याभराचे दिवस बोटांवर मोजून पाहिले होते.

आणि नियमही असा होता की पहिल्यांदा ज्याच्या दिवशी गिऱ्हाईक आलं, ते त्याचं. स्टेशनजवळच्या मुख्य ऑफिसात फोन आला तरी विचारत, आज कोण आहे? ज्याचा दिवस त्याच्याकडे नाव. आणि परत यायचं तर त्याच्याच दिवशी यायचं. म्हणजे ताईंचं गिऱ्हाईक दहा वेळा आलं तरी दहाही वेळा कोरडा नळ. आणि ताई? त्या फक्त त्यांच्याच दिवशी यायच्या. त्यांनी त्या इमारतीत पाणी कधी पाहिलंच नाही. त्यांच्या हिशोबी तिथे पाणी नव्हतं, आणि नव्हतं तर नाही म्हणून सांगायचं. लोक विचारायचे, त्या सांगायच्या — अजून आलेलं नाही. लोक नमस्कार करून निघून जायचे.

आमची गाठ पडायची ती वहीत. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, शेजाऱ्यांचे फोन नंबर लिहायची वही. शेवटच्या पानांवर आम्ही एकमेकांसाठी निरोप ठेवायचो. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात ताईंनी लिहिलं: "नळाला पाणी नाही. शेठना सांगावे." मी खाली लिहिलं: "सांगतो."

काय सांगणार होतो? आणि कुणाला? मी हे लिहीत होतो तेव्हा आतल्या फ्लॅटचा नळ गळत होता, मला ऐकू येत होता.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विश्वास ठेवला. थंडीच्या दिवसांत वहीवर पावटे भरलेली पिशवी ठेवून जायच्या, चिठ्ठी — "मुलीसाठी." मी ते पावटे खाल्ले. आमटी चांगली झाली होती, हेही आठवतं.

मग होळीच्या थोडं आधी एक जोडपं आलं. आधी ताईंच्या दिवशी येऊन गेलेलं. नवऱ्याची सुटी बदलली म्हणून आता माझ्या दिवशी. नियमाने मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. पण त्यांचं मूल हात बरबटवून बसलेलं, बाईंनी सहज नळ फिरवला, आणि पाणी. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या ताईंनी तर पाणी नाही म्हणून सांगितलं होतं."

इथे एक वाक्य पुरलं असतं. त्यांच्या दिवशी नसतं, बाई. बस. मी काय केलं? हसलो. खांदे उडवले. आणि म्हणालो, "असेल."

तासाभरात ते शेठपुढे बसून टोकन देत होते, आणि ही हकिकतही. शेठ भडकले. माझीच माणसं माझ्या इमारतीची बदनामी करतात? परवा दोघंही साइटवर या. परवा — म्हणजे पुन्हा माझाच दिवस. मधला दिवस ताईंचा. वही माझ्यापुढे उघडी होती. एक ओळ लिहिली असती तर त्यांना निदान कळलं असतं की काय होणार आहे. मी लिहिलं: "विशेष काही नाही."

परवा शेठ आले, ताई आल्या. शेठनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला. "हे काय आहे? गटार आहे का?"

मला वाटलं ताई रडतील, भांडतील, काल नव्हतं म्हणून शपथा घेतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या पुढे झाल्या, दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली — अगदी त्या आजींसारखी — आणि प्यायल्या. पश्चिमेकडच्या विहिरींना खारट पाण्याचं भय. त्या भागातली बाई पाणी आधी चाखते. चेहरा उजळला. खरोखर उजळला हो, मी बघत होतो. म्हणाल्या, "गोड आहे." जणू त्यांच्यावर आरोप नव्हताच, जणू एवढंच महत्त्वाचं होतं की इथे राहायला येणाऱ्यांना गोड पाणी मिळणार.

शेठ कुणाला तरी हाक मारत बाहेर गेले. ताईंनी पदराला हात पुसले, भिंतीवरून काही आठवत असल्यासारखी नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"तुमच्या दिवशी असतं होय, दळवी?"

मी म्हणालो, "शेठ बोलावतायत."

शेठनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ताई माझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त वही मागितली, तासाभरासाठी. त्या वहीत माझ्याच हस्ताक्षरात "सांगतो" होतं. ताई पत्र्याच्या खोलीत बसून कागदावर काही उतरवत राहिल्या. मी बाहेर वाळूच्या ढिगापाशी उभा राहून ठरवत होतो की शेठनी विचारलं तर काय बोलायचं. चार-पाच चांगली उत्तरं तयार केली होती. एकही लागलं नाही. ताईंनी वही टेबलावर ठेवली, किल्ल्या वहीवर ठेवल्या, आणि एसटीसाठी चालायला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून माणसं यायला लागली. ताईंची माणसं — कोरडा नळ पाहून गेलेली. मला वाटलं चुकून आली. एकाने सांगितलं, वटारहून एका बाईंचा फोन आला होता, चाळीतल्या वाण्याकडे. म्हणाल्या, माझ्याकडून तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. पाणी आहे, गोड आहे, पण दिवसाआड आहे हे ध्यानात ठेवा. अमुक तारखेला जा, दळवी असतील, ते दाखवतील. मग दुसरं कुटुंब, तिसरं. पीसीओवर उभं राहून त्यांनी वहीतल्या एकेका नंबरावर फोन केले होते. आपली सगळी गिऱ्हाइकं मला दिली होती, नियमाने जी त्यांची होती ती. माझं नाव घेऊन. नियमाला धरून, माझ्या दिवशी.

का? मी इतक्या वर्षांत पुष्कळ उत्तरं लावून पाहिली, एकही बसत नाही. एवढं मोठं काहीतरी माझ्यासमोर पत्र्याच्या खोलीत शांतपणे बसून नंबर उतरवत होतं, आणि मी बाहेर सबबी जुळवत होतो — हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नोकरी मला मिळाली. पुढे त्याच इमारतीत घरही झालं, तिसऱ्या मजल्यावर. हे तिथूनच लिहितोय. लोक राहायला आले ते दिवस मी गॅलरीतून पाहिले. माझ्या गिऱ्हाइकांचे टेम्पो आले — कपाटं, गाद्या, टीव्ही. दुसऱ्या दिवशी नळ फुस्स झाला तेव्हा सगळे जिना चढून माझ्या दारात. तुम्ही बोलला नाहीत, दळवी. बरोबरच होतं. आणि ताईंनी पाठवलेल्यांचे टेम्पो आले, तेव्हा सगळ्यांत आधी उतरायचं ते निळं पिंप. एकामागून एक, प्रत्येक टेम्पोतून. त्यांना सांगितलेलं होतं. ती माणसं माझ्याशी कधी भांडली नाहीत. त्यांतली एक बाई अजून मला म्हणते, त्या ताईंचे फार उपकार हो, कुठे असतात त्या?

वटार इथून रिक्षाने फार लांब नाही. मी गेलो नाही. एकदा बाजारात त्या केळफुलांची टोपली पुढे घेऊन बसलेल्या दिसल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि नको असलेली मेथी घेतली.

वही माझ्याकडे आहे. साइट ऑफिस मोडलं तेव्हा रद्दीत जात होती, मी उचलली. कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली असते. शेवटून चौथं पान. निळ्या शाईत — नळाला पाणी नाही. शेठना सांगावे. त्याखाली लाल शाईत माझं — सांगतो.

अक्षर खरंच सुरेख आहे.